उजेड कुणावर पडतो?

प्रस्तावना

नागपूरच्या दक्षिणेला बेसा परिसरात कुणाला पत्ता सांगायचा झाला की ‘पॉवर हाऊस’ ही खूण हमखास येते. नाव पॉवर हाऊस असले तरी तिथे वीज तयार होत नाही. ते अतिउच्चदाब उपकेंद्र आहे. वीज तयार होते ती शहराच्या दुसऱ्या बाजूला, उत्तरेकडे कोराडी आणि खापरखेड्याला, आणि राज्यभर पसरलेल्या अशाच इतर केंद्रांत. कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. तिथले आजचे मोठे संच प्रत्येकी ६६० मेगावॅटचे आहेत. एवढी वीज लांब न्यायची तर तिचा दाब लाखो व्होल्टपर्यंत चढवावा लागतो, नाहीतर ती तारांतच तापून वाया जाईल. मग उपकेंद्रात आणि पुढे गल्लीतल्या डीपीवर हा दाब टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि २३० व्होल्टला ती वीज आपल्या घरात येते. दाब उतरवल्याशिवाय त्या अफाट शक्तीचा एका मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाला काहीही उपयोग नाही.

या पुस्तकाचा विषय तेज हा आहे: दिव्याचे, ताऱ्याचे आणि माणसाचे. बेसा पूर्वी शेतांचे गाव होते. आज बेसा-पिपळा नगरपंचायतीत लेआउटमागून लेआउट आणि फ्लॅट स्कीममागून फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या आहेत. गावातला अंधार गेला, आणि त्याच काळात इथल्या घराघरांत मुलांच्या हुशारीची काळजीही वाढली. दिवा किती वॅटचा घ्यावा आणि मुलाला कोणत्या शिकवणीला घालावे, या दोन प्रश्नांवर एकाच घरात एकाच संध्याकाळी बोलणे होते. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: तेज कुठे असते आणि ते कशाने मोजायचे?

पुस्तकात जे सविस्तर येणार आहे त्याचा गाभा इथेच सांगून टाकतो. तेज हा दिव्याचा एकट्याचा गुण आहे असे आपण धरून चालतो. ते तसे नाही. दिवा, त्याच्यापासूनचे अंतर, भोवतीचा अंधार, बघणारा डोळा आणि ज्यावर उजेड पडतो ती वस्तू, एवढ्या सगळ्यांचा मिळून तेजाचा अर्थ होतो. माणसाच्या बाबतीत आपण यातल्या पहिल्या गोष्टीकडेच बघत बसतो. एखादा माणूस आपले डोळे किती दिपवतो यावर त्याचे तेज ठरवतो. ते ठरवायला हवे त्याच्या सहवासात दुसऱ्यांना काय दिसू लागले यावर.

आधी दिव्याचे पाहू, कारण तिथे मोजमाप चोख आहे.

कालपरवापर्यंत आपण दुकानात जाऊन ‘साठचा बल्ब’, ‘शंभरचा बल्ब’ मागत होतो. झोपण्याच्या खोलीत ‘झिरोचा बल्ब’ असे. तो नावापुरताच शून्य, वीज तोही दहा-पंधरा वॅट खात असे. हे सगळे आकडे खर्चाचे होते. वॅट म्हणजे दिवा किती वीज घेतो. तो उजेड किती देतो हे त्यातून कळत नाही. उजेडाचे माप लुमेन. साठ वॅटचा जुना बल्ब साधारण सातशे लुमेन उजेड देई, आजचा नऊ वॅटचा एलईडी नऊशेच्या आसपास देतो. जुन्या बल्बमधली तार इतकी तापवावी लागे की घेतलेल्या विजेतला जेमतेम पाच टक्के भाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात यायचा, बाकीची सगळी उष्णता. त्यातच कोळशापासून वीज करताना निम्म्याहून जास्त उष्णता आधीच निघून गेलेली. म्हणजे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणीतून निघालेल्या कोळशातल्या शंभर भाग ऊर्जेतले दोन भागसुद्धा पूर्वी आपल्या पानावर उजेड होऊन पडत नव्हते. निळ्या एलईडीच्या शोधाने हा हिशेब पालटला. त्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि लगेच पुढच्या वर्षी सुरू झालेल्या उजाला योजनेतून हे दिवे आपल्याकडच्या घरांत पोचले.

दिव्याबाबत आपण खर्च आणि उजेड वेगळे करायला शिकलो. मुलांबाबत अजून शिकलो नाही. कितीची फी भरली, पहाटे कितीला उठतो, किती तास बसतो, किती टेस्ट सिरीज सोडवल्या, हे सगळे वॅट आहेत. त्यातून उजेड किती पडला याची चौकशी फार थोड्या घरांत होते.

लुमेनच्या पुढे आणखी एक माप आहे, आणि माझ्या दृष्टीने या पुस्तकातले ते सगळ्यात महत्त्वाचे माप आहे: लक्स. दिव्यातून एकूण किती प्रकाश निघाला याच्याशी लक्सला कर्तव्य नाही. तुमच्या पुस्तकाच्या पानावर किती पडला, एवढेच ते सांगते. अंतर दुप्पट झाले की हा आकडा एक चतुर्थांश होतो, तिप्पट झाले की एक नवमांश. नागपूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी मोकळ्या जागी लाखभर लक्स उजेड पडतो. वाचायला तीनशे ते पाचशे पुरतात. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना पानावर मिळतो पाव लक्सच्या आसपास. तेवढाच उजेड एक साधी मेणबत्ती दोन मीटरवरून देते. चंद्राचा व्यास सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, मेणबत्ती वीतभर. तरी वाचणाऱ्याच्या पानावर दोघांचे माप जवळजवळ सारखे, कारण मेणबत्ती जवळ आहे. मोठ्या विद्वानाच्या व्याख्यानाला मूल वर्षातून एकदा जाते, आणि शेजारची ताई रोज संध्याकाळी त्याला अपूर्णांक समजावते. त्या मुलाच्या आयुष्यात दोघांपैकी कुणाचा उजेड किती, हे ठरवताना हा नियम मला नेहमी आठवतो.

प्रकाशाच्या मोजमापात आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्विन, मोल आणि कँडेला अशी सात मूलभूत एकके साऱ्या जगाने मान्य केली आहेत. त्यांपैकी फक्त कँडेलात माणसाचा डोळा गुंफलेला आहे. कँडेलाची आजची व्याख्या मुळात १९७९ साली ठरली. ज्या हिरवट पिवळ्या प्रकाशाला आपला डोळा उजेडात सर्वाधिक प्रतिसाद देतो त्या प्रकाशाच्या एका वॅटला ६८३ लुमेन मानायचे, हा तिचा पाया. अवरक्त किरणांचा कितीही शक्तिशाली झोत टाकला तरी त्याचे लुमेन शून्य, कारण तो कुणाला दिसत नाही. भौतिकशास्त्रासारख्या काटेकोर शास्त्रालाही तेज मोजताना बघणाऱ्याला बाजूला ठेवता आलेले नाही. मग माणसाचे तेज मोजताना बघणाऱ्याचा काही संबंध नाही, फक्त आकडा बोलतो, असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो?

पुस्तकाचा दुसरा भाग आकाशाचा आहे. ताऱ्यांच्या तेजाची वर्गवारी ही माणसाने केलेली फार जुनी गुणवत्ता यादी. ग्रीक परंपरेत हिपार्कस आणि नंतर टॉलेमी यांच्यापासून ताऱ्यांचे सहा वर्ग चालत आले: सर्वांत ठळक ते पहिल्या प्रतीचे, नुसत्या डोळ्यांना कसेबसे दिसणारे ते सहाव्या प्रतीचे. १८५६ साली नॉर्मन पॉग्सन याने त्याला गणित दिले: पाच प्रतींचे अंतर म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक. हाच पॉग्सन पुढे मद्रासच्या वेधशाळेत आला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. त्या यादीत पहिला क्रमांक व्याधाचा, दुसरा अगस्त्याचा.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री नवाच्या सुमारास बेसाच्या एखाद्या गच्चीवरून दक्षिणेला पाहिले तर दोघेही एकाच वेळी दिसतात. व्याध चांगला वर, क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या मध्याहून थोडा उंच. अगस्त्य मात्र आपल्या अक्षांशावरून क्षितिजाच्या वर जेमतेम सोळा अंश चढतो. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना हवेच्या कितीतरी जास्त जाड थरातून, धुळीतून आणि नव्या इमारतींच्या दिव्यांच्या झगमगाटातून येतो. साहजिकच व्याध झळकतो आणि अगस्त्य शोधावा लागतो. पण व्याध आपल्यापासून केवळ ८.६ प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचे खरे तेज सूर्याच्या सुमारे पंचवीस पट. अगस्त्य तीनशेहून अधिक प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचे खरे तेज सूर्याच्या दहा हजार पटींहून जास्त. यादीत दुसरा आलेला तारा पहिल्यापेक्षा शेकडो पटींनी तेजस्वी आहे. यादी चुकलेली नाही. तिने जे मोजले ते बरोबर मोजले. तिने मोजले ते इथून दिसणारे तेज, ताऱ्याचे स्वतःचे नव्हे. खगोलशास्त्रज्ञ म्हणूनच दोन वेगळे आकडे ठेवतात: दृश्य प्रत आणि निरपेक्ष प्रत. सगळे तारे एकाच ठरावीक अंतरावर आणून ठेवले तर कोण किती तेजस्वी दिसेल, हे दुसरा आकडा सांगतो. मुलांच्या गुणपत्रिकेत असा दुसरा रकाना नाही. घरात पुस्तके असलेला मुलगा आणि घरात वीजच उशिरा आलेली मुलगी यांची टक्केवारी आपण एकाच रकान्यात लिहितो.

तिसरा भाग डोळ्याचा आहे. डोळा काही प्रकाशमापकासारखा चालत नाही. तो सतत तुलना करत असतो. एर्न्स्ट वेबर आणि गुस्टाव फेखनर या जर्मन संशोधकांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले की आपल्याला फरक जाणवतो तो प्रमाणात. अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावला की जग बदलते. शंभर दिवे असलेल्या मांडवात आणखी एक लावला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. गडचिरोलीच्या, यवतमाळच्या एखाद्या गावात पहिला येणारा पोरगा नागपूरच्या कॉलेजात येतो आणि पहिल्या सहामाहीत स्वतःला मठ्ठ समजू लागतो. त्याचा उजेड तेवढाच असतो. बदललेली असते ती पार्श्वभूमी. हे त्याला वेळेवर सांगणारे कुणी भेटले तर तो सावरतो. न भेटल्यामुळे परत गेलेली मुले विदर्भातल्या कोणत्याही शिक्षकाला आठवतील.

डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकू उजेडात काम करतात, रंग आणि बारकावे दाखवतात. ते साधारण साठ लाख. दंडपेशी मंद उजेडातल्या. त्या बारा कोटींच्या घरात. उजेडातून अंधारात आल्यावर दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला अर्धा तास लागतो, आणि मध्येच कुणी मोबाइलचा दिवा डोळ्यांवर मारला की तो अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. शिवाय नजरेच्या अगदी केंद्रस्थानी दंडपेशी नसतात. त्यामुळे अंधुक तारा थेट रोखून पाहिला की नाहीसा होतो, किंचित बाजूला पाहिले की दिसतो. आकाशनिरीक्षण शिकवणारे नवशिक्यांना ही युक्ती पहिल्याच रात्री सांगतात. वर्गातही काही मुले अशी असतात. त्यांच्याकडे रोखून पाहिले, प्रश्न विचारून उभे केले, परीक्षेच्या बाकावर बसवले की ती विझतात. बाजूला बसून त्यांना चित्र काढताना, सायकल दुरुस्त करताना, धाकट्या भावंडाला गोष्ट सांगताना पाहावे लागते. अशा मुलांसाठी शिक्षकाकडे अर्धा तास आणि थोडी तिरपी नजर, दोन्ही हवे.

आणि अती तेजाबद्दल. रात्री मनीषनगर-बेसा रस्त्यावर समोरची गाडी अप्पर मारत आली की आपल्याला रस्ता दिसेनासा होतो. उजेड वाढलेला असतो आणि दिसणे कमी झालेले असते. डोळ्यात शिरलेला तीव्र प्रकाश आतल्या आत विखुरतो आणि समोरच्या दृश्यावर पांढरट पडदा धरतो. वय वाढते, मोतीबिंदू येऊ लागतो, तसा हा पडदा दाट होतो. दिव्याची जागा चुकली की चांगला दिवाही आंधळे करतो. म्हणून रस्त्यावरच्या चांगल्या दिव्याची रचना अशी असते की उजेड रस्त्यावर पडावा आणि खुद्द दिवा चालणाऱ्याच्या डोळ्यांत येऊ नये. दिवा मुळात बघण्यासाठी नसतोच. त्याच्या उजेडात दुसरे काहीतरी बघायचे असते. हे वाक्य मी माणसांनाही लागू समजतो, आणि पुस्तकाचा चौथा, सर्वांत मोठा भाग त्यावरच उभा आहे.

माणसाची हुशारी मोजण्याचा आधुनिक प्रयत्न १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी केला. त्यांचा हेतू आज विसरला गेला आहे. पहिला कोण हे त्यांना शोधायचे नव्हते. शाळेत ज्यांना वेगळ्या मदतीची गरज आहे अशी मुले त्यांना शोधायची होती. म्हणजे उजेड कुठे कमी पडतो हे बघण्यासाठी ते माप तयार झाले. ते मराठीत लवकर आले. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडमध्ये कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेच्या चाचणीत फेरबदल केले आणि १९३४ मध्ये ते प्रसिद्ध केले. परक्या भाषेतले आणि परक्या घरांतले प्रश्न आपल्या मुलांना विचारून त्यांना मंद ठरवणे अन्यायाचे आहे, हे त्या कामात गृहीत होते. बिने-कामत चाचणी पुढे अनेक दशके भारतात वापरली गेली.

अमेरिकेत मात्र त्याच मापाला वेगळे वळण लागले. लुइस टर्मन याने १९२१ पासून कॅलिफोर्नियातली दीड हजाराहून अधिक अतिबुद्धिमान मुले निवडून आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. त्यांच्यातली बरीच यशस्वी झाली. पण भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते ज्यांना चाचणीत कमी गुण पडल्यामुळे निवडले नव्हते अशा दोघांना: विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ. मापाने जे मोजले ते खोटे नव्हते. पण ते इथून दिसणारे तेज होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वांत गंभीरपणे हात घातला तो डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी. १९६२ साली त्यांनी पुण्यात ज्ञानप्रबोधिनी सुरू केली, १९६९ मध्ये प्रशाला. बुद्धिमान मुले निवडायची, पण त्यांची बुद्धी समाजाच्या कामी यावी अशी प्रेरणा त्यांच्यात रुजवायची, ही त्यामागची भूमिका. निवडीची पद्धत, तिच्या मर्यादा, यांवर वाद होऊ शकतो आणि पुस्तकात तो आहे. पण हुशारी ही ज्याची त्याची खासगी मालमत्ता नाही हे सूत्र संस्थेच्या पायातच घातलेले असणे मला फार मोलाचे वाटते. राज्य मंडळाची गुणवत्ता यादी बंद होऊन बरीच वर्षे झाली, तरी निकालाच्या दिवसांत चौकाचौकांतल्या फलकांवर मुलांचे चेहरे आणि टक्के झळकतातच. त्या फलकांवर हे सूत्र कुठेच नसते.

विदर्भात या विषयाची उत्तरे चाचण्यांच्या बाहेर सापडतात. इथल्या दोन मोठ्या विद्यापीठांची नावे पाहा: नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे, अमरावतीचे संत गाडगेबाबांच्या. ज्यांच्याकडे कोणतीही पदवी नव्हती त्यांची नावे आज लाखो पदव्यांवर छापली जातात. गाडगेबाबा (१८७६–१९५६) तर निरक्षरच. गावात आले की आधी हातात खराटा. दिवसभर गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनातही ते उत्तरे देत नसत. प्रश्न विचारत आणि उत्तरे समोरच्या शेतकऱ्याकडून, बाईकडून वदवून घेत. कर्ज कशासाठी काढले, पोराला शाळेत का घातले नाही, देवापुढे बकरे का कापले? पायावर डोके ठेवू देत नसत, शिष्य करत नसत. बघणाऱ्याची नजर स्वतःवर खिळू न देता ती त्याच्या गावाकडे, घराकडे वळवण्याची ही जागरूकता मला त्यांच्या साऱ्या कार्याचे मर्म वाटते. माणसे कीर्तनातून घरी जात ती आपल्याच अंगणातली घाण पहिल्यांदा दिसल्यामुळे अस्वस्थ होऊन.

गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे. शेतकऱ्याचे घर. वयाच्या नवव्या महिन्यात डोळे गेले. त्यांना चौतीस वर्षांचे आयुष्य मिळाले, आणि तेवढ्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. मराठीत, संस्कृतात, हिंदीत. ज्ञानेश्वरांना माऊली मानून ते स्वतःला त्यांची कन्या म्हणवत. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या विचारांचाही त्यांनी परामर्श घेतला, स्वतःची ‘नावंग’ नावाची एक भाषाही रचली. लोक त्यांना प्रज्ञाचक्षु म्हणतात ते योग्यच. पण मला त्यांच्या चरित्रात आणखी एक गोष्ट दिसते. त्यांनी जे ज्ञान मिळवले ते कुणीतरी वाचून दाखवले म्हणून, आणि जे दिले ते कुणीतरी लिहून घेतले म्हणून. त्या वाचणाऱ्यांचे, लिहिणाऱ्यांचे उजेडातले माप काय? त्यांच्याशिवाय तो प्रकाश आपल्यापर्यंत पोचला नसता.

जाईबाई चौधरी यांचे नाव फार कमी लोकांना माहीत आहे. जन्म १८९२, उमरेडचा. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतल्या. पोटासाठी नागपूर-कामठी अशी डोक्यावरून ओझी वाहत. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना शाळेत शिकवण्याचे काम दिले. जातीचा प्रश्न उठला आणि ते काम गेले. १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ मधल्या पुस्तकात अशा स्त्रियांच्या हकिकती नोंदवून ठेवल्या नसत्या तर आज जाईबाई आपल्याला दिसल्याच नसत्या. दृश्य प्रतीच्या यादीत त्या कुठेही नव्हत्या. त्यांच्या शाळेत अक्षर गिरवलेल्या मुली, त्या मुलींच्या मुली, असा हिशेब लावत गेले म्हणजे निरपेक्ष प्रतीचा अर्थ कळतो. त्याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. स्वतःच स्वतःचा दीप होण्याची बुद्धाची शिकवण तेव्हापासून इथल्या वस्त्यावस्त्यांत अभ्यासिकांच्या, ग्रंथालयांच्या रूपाने जिवंत आहे. त्या शिकवणीला जागणारे लोक दिवा लावून एकटे बसले नाहीत, त्यांनी शेजारच्या पोरांनाही त्या उजेडात बोलावले.

या विषयाची एक दुखरी बाजू आहे, ती टाळून प्रस्तावना संपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. दिव्याखाली अंधार असतो, आणि तेलाच्या दिव्यात तो खरोखरच असतो: उजेड सगळीकडे जातो, फक्त ज्या बुडाने वात आणि तेल पेलले त्याच्या खाली सावली राहते. आपल्या असंख्य घरांत एक हुशार मुलगा शिकला तेव्हा त्याच्या बहिणीची शाळा सुटली. ती शेतात गेली, रोजाने गेली, लग्न होऊन गेली. भावाचा सत्कार झाला तेव्हा ती मागे स्वयंपाकात होती. त्या मुलाच्या तेजाचा गौरव करताना हा खर्च मांडला पाहिजे. आणि त्या मुलानेही एकदा मागे वळून त्या सावलीत उजेड नेला पाहिजे. निदान बहिणीच्या मुलीच्या शिक्षणापासून तरी सुरुवात करावी. हे उपकार फेडणे नव्हे, हिशेब पूर्ण करणे आहे.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील. ज्यांना भौतिकशास्त्राची धास्ती वाटते त्यांनी चौथ्या भागापासून सुरुवात करावी आणि मग मागे यावे; आकडे तेव्हा परके वाटणार नाहीत. शिक्षकांनी तिसरा भाग आवर्जून वाचावा, पालकांनी शेवटचा. पुस्तकात हुशारी वाढवण्याचे उपाय नाहीत, कारण हुशारी कमी आहे अशी माझी तक्रारच नाही. तिचे माप चुकते आहे, आणि चुकीच्या मापामुळे हजारो मुले स्वतःला अंधारातली समजून जगत आहेत, ही माझी तक्रार आहे.

ती दूर करण्याचा एक मार्ग आपल्या हातातला आहे. पुढच्या निकालानंतर कुणाच्या घरी पेढे घेऊन गेलात की ‘किती टक्के पडले?’ हा प्रश्न जरूर विचारा. त्या मुलाने कष्ट घेतले आहेत, त्याला तो विचारलेला आवडेल. पण तिथे थांबू नका. ‘तू कुणाला शिकवलेस?’ आणि ‘तुला कुणी शिकवले?’ हे दोन प्रश्न लगेच पुढे विचारा, आणि उत्तरात आलेली नावे मोठ्याने घ्या. शाळांनी आपल्या स्नेहसंमेलनात बक्षिसांबरोबर ही नावेही वाचून दाखवावीत. एका पिढीतल्या मुलांना हे प्रश्न आपल्याला विचारले जाणार आहेत हे ठाऊक असेल, तर ती अभ्यासाला बसताना शेजारी जागा ठेवतील.

बेसा, नागपूर